डाव्या बाजूची बरणी

माझा भाऊ फार चांगला माणूस आहे, असं मला आजवर शंभर जणांनी तरी सांगितलं असेल. सांगणाऱ्यांचं काय जातं? त्यांच्या पोटातून काढलेली गाठ पिशवीत घालून तो कुठे गेला नव्हता. माझी घेऊन गेला. त्यानंतर त्याला चांगलं म्हणायचं की नाही हे मी ठरवणार, बाकीच्यांनी आपापली तोंडं आपापल्या घरी ठेवावीत.

मी अमरावतीला मुलींच्या शाळेत एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पचनसंस्थेची आकृती दरवर्षी फळ्यावर काढायची. अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं इथपर्यंत आवाज खणखणीत. शेवटची गुदाशय आणि गुदद्वार ही दोन नावं मात्र पोरींकडे पाठ फिरवून घाईघाईत लिहायची, कारण मागे खुदूखुदू सुरू व्हायचं आणि खरं सांगायचं तर मलाही लाज वाटायची. त्याच जागेतून मला रक्त जायला लागलं तेव्हा मी आठ महिने कोणाला हात लावू दिला नाही. मूळव्याध असेल म्हणून सोडून दिलं. भावाने चांदूर बाजारच्या बाजूच्या कोण्या वैदूकडून पुड्या आणल्या, ताकातून घ्यायच्या. घेतल्या मी. विज्ञानाची बाई ताकातून पुड्या पीत होती. हा गाढवपणा माझा स्वतःचा आहे, तो मी भावाच्या माथी मारत नाही.

भाऊ अकोल्याला राहतो. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, तहसील कचेरीतून निवृत्त झालेला. घरातलं लग्न असो की कोणाचं ॲडमिशन, आधी त्याला विचारायचं अशी आमच्याकडे रीत पडून गेली आहे. माझं वजन उतरायला लागलं, शेवटी तपासणी झाली, आतून तुकडा काढून पाठवला, आणि निकालाच्या दिवशी तो सकाळच्याच गाडीने अमरावतीत हजर. तो आणि माझे यजमान डॉक्टरांच्या खोलीत गेले. मला म्हणाले, तू बस बाहेर, गर्दी नको आत. पेशंट मी, आणि गर्दीही मीच.

बाहेर आले तेव्हा भाऊ हसत होता. "काई नाई व बाई. आतून अल्सर हाय. पाच आठवडे शेक घ्या लागन, मंग एक छोटंसं ऑपरेशन." यजमान स्कूटरच्या किल्लीकडे बघत होते. बेचाळीस वर्षं संसार केलेला माणूस किल्लीकडे बघायला लागला की समजायचं काय ते.

चार दिवस नाटक चाललं. आमच्या बुद्धविहारातल्या बाया नारळपाणी घेऊन आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. अल्सरवाल्या बाईच्या डोक्यावरून कोण हात फिरवतं? वहिनी अकोल्याहून मदतीला आली होती, ती भाकरी थापता थापता पदराने डोळे पुसायची आणि विचारलं तर म्हणायची, धूर गेला. गॅसच्या शेगडीला धूर. सगळ्या गल्लीला माहीत होतं, नव्हतं फक्त ज्या बाईला आजार होता तिला.

पाचव्या दिवशी तोच लॅबचा रिपोर्ट माझ्या मोबाइलवरही आला. यजमान स्वतःचा फोन कधी उचलत नाहीत, म्हणून कुठल्याही फॉर्मवर माझा नंबर लिहायची त्यांना सवय. सवयीने लिहिला आणि विसरले. मी तो स्वयंपाकघरात उभी राहून वाचला. गुदाशयाचा कॅन्सर. तेव्हा मला भीती वाटली असेल, पण आता आठवतो तो राग. अंगाचा नुसता तिळपापड झाला. यजमानांसमोर मोबाइल धरला तर ते म्हणाले, "तुह्या भावानंच सांगतलं, तिले सांगू नका म्हणून. ती खचून जाईन." मी म्हटलं, तुम्ही माझ्याशी लग्न केलं की त्याच्याशी?

भावाला फोन लावला. "अल्सर हाय ना मले?"

तो म्हणाला, "तुले टेन्शन देऊन काय फायदा होता, बाई?"

"फायदा माहा होता. आजार माहा हाय. याच्यापुढे डाक्टर माह्याशी बोलन. माह्या आधी त्या खोलीत जो घुसन त्याले मी तिथंच पाहून घेईन."

तो "बरं, बरं" म्हणाला. लहानपणी माझी पतंग परत द्यायची असली की असंच बरं बरं म्हणायचा, आणि पतंग काही मिळायची नाही.

शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन झाला. पाच आठवडे रोज जाऊन मशीनखाली पालथं पडायचं, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ती जागा कशी भाजते ते ज्याचं त्याला माहीत. त्यानंतर पुन्हा एमआरआय झाला आणि आम्ही सर्जनकडे गेलो. तरुण माणूस, पण रीतीचा. त्याने मला समोरच्या खुर्चीवर बसवलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. मुख्य गाठ बरीच आकसली होती. पण डाव्या बाजूला, ओटीपोटाच्या आतल्या भिंतीला, मोठ्या रक्तवाहिनीच्या शेजारी वाटाण्याएवढी एक लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फची गाठ, होती, ती शेकाने तसूभर हलली नव्हती.

"नेहमीच्या ऑपरेशनमध्ये आम्ही मधला भाग काढतो, या भिंतीपर्यंत जात नाही," तो म्हणाला. "ही राहिली आणि हिच्यात आजार असला, तर तो इथूनच परत येऊ शकतो. दुर्बिणीतून जाऊन ही बाजू साफ करता येईल. पोटावर चार-पाच छिद्रं. पण हिच्या शेजारून लघवीच्या नसा जातात. दुर्बिणीतून त्या मोठ्या दिसतात, वाचवता येतात. तरी शब्द देत नाही."

भाऊ मागच्या खुर्चीवर होता. तो मध्येच म्हणाला, "साहेब, एवढं आतलं काहून सांगून राहिले तिले?"

सर्जनने त्याच्याकडे बघितलंही नाही. मला विचारलं, "काय करायचं, मॅडम?"

मी विचारलं, तिच्यात आजार आहे की नाही हे कसं कळेल? तो म्हणाला, काढून तपासल्यावरच. मधल्या गाठी आणि ही डावीकडची, सगळ्या स्वच्छ निघाल्या तर ऑपरेशननंतर फक्त लक्ष ठेवायचं. हिच्यात निघाला तर सहा महिने केमो. नुसतं बघून कोणीच सांगू शकत नाही.

काढा, मी म्हटलं. बाहेर आले तेव्हा कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटत होतं. सगळं जग माझ्याभोवती कुजबुजत होतं आणि या एका माणसाने मला सरळ सांगितलं की प्रश्न हा आहे आणि उत्तर अमुक ठिकाणी मिळेल. मला एवढंच पाहिजे होतं. ते उत्तर त्या वाटाण्यात होतं.

ऑपरेशन अमरावतीलाच झालं, सकाळी आठला आत नेलं ते दुपारी तीनपर्यंत. जागी झाले तर पोटावर पाच पट्ट्या, उजवीकडे शौचाची पिशवी, खाली लघवीची नळी. पिशवी काही महिन्यांची आहे हे मला आधीच सांगितलेलं होतं म्हणून मी तिच्यावर चिडले नाही. तोंडाला कोरड पडली होती. पहिलं विचारलं ते डाव्या बाजूचं. सिस्टर म्हणाली, काढली मॅडम, वेगळ्या बरणीत दिली आहे.

आता ही बरणीची पद्धत सांगते. आमच्याकडे ऑपरेशन संपलं की आतला माणूस ट्रे घेऊन दारात येतो आणि काढलेला भाग नातेवाइकांना दाखवतो. नातेवाईक माना डोलावतात. मग तो भाग औषधाच्या पाण्यात, प्लास्टिकच्या बरणीत घालून, वर कागद चिकटवून त्याच नातेवाइकांच्या हातात देतात, आणि लॅबमध्ये पोचवायचं काम त्यांचं. दूध आणायच्या कापडी पिशवीतून माणसाचं आतडं गावभर फिरतं. कोणाला यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. माझ्या दोन बरण्या होत्या. मोठीत मधला भाग, छोटीत डाव्या बाजूच्या गाठी, प्रत्येकीसोबत तिचा वेगळा कागद. सर्जनचा भरवसा अकोल्याच्या एका लॅबवर होता. भाऊ घरी जायलाच निघाला होता. तो म्हणाला, "द्या, मी नेतो. मले जायचंच हाय."

पुढचे दिवस माझे लघवीत गेले. नळी काढली तर लघवी होईना. पोट टम्म फुगलं, परत नळी घातली. मला वाटलं, झालं, त्या नसा गेल्या, आता ही नळी जन्माची. चार दिवसांनी पुन्हा काढली. पाण्याचा नळ सोडून बसले, अर्धा तास बसले, आणि झाली. मी संडासात बसून भोकाड पसरून रडले. बाहेरून यजमान विचारत होते, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, लघवी झाली. तर तेही रडायला लागले.

भावाचा रोज फोन यायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "देल्या बरण्या. दोन्ही देल्या. तू आराम कर."

सतरा दिवसांनी रिपोर्ट आला, पुन्हा माझ्या मोबाइलवर. कापलेल्या भागाच्या कडा आजारापासून मोकळ्या होत्या आणि मधल्या गाठींमध्ये कुठेच आजार नव्हता. यजमानांनी ते ऐकलं आणि चप्पल घालून पेढे आणायला निघालेसुद्धा. मी डावी बाजू शोधत होते. वरून खाली, खालून वर, पेपर तपासावा तसं. डाव्या बाजूचा शब्द कुठेच नव्हता. मग पहिल्या ओळीवर नजर गेली. मिळालेले नमुने : एक.

लॅबमध्ये फोन केला. तिथल्या पोरीने रजिस्टर बघून सांगितलं, मॅडम, एकच बरणी आली होती. मी तिला नाही नाही ते बोलले. हरवली तुम्ही, म्हटलं, माणसाच्या जिवाशी खेळता. भावाला फोन केला, तोही म्हणाला, "मी त दोन देल्या होत्या. त्याईनंच हरवली असन." त्याच्या आवाजावर मी विश्वास ठेवला आणि त्या पोरीला परत फोन करून परत झापलं. ती बिचारी रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवून मोकळी झाली. एक बरणी. पुढे माझ्या भावाची सही, तहसीलवाली, खाली दोन टिंबं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. यजमान कार चालवत होते, मी उशीवर बसलेली, पोटावर पिशवी. भाऊ ओट्यावर पेपर वाचत होता. आम्हाला बघून उठला. वहिनी पाणी घेऊन आली. मी पाणी घेतलं नाही.

"छोटी बरणी कुठं हाय?"

तो म्हणाला, "बाई, आधी बस त खरी."

"कुठं हाय?"

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग म्हणाला, "पुरली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो मला घराच्या मागे घेऊन गेला. सीताफळाच्या झाडाजवळ हातभर जागा उकरून परत बुजवलेली होती आणि वर वीट ठेवली होती. औषधाचं पाणी त्याने नालीत ओतलं होतं. आतलं जे होतं ते मातीत. "तुह्या अंगाचं होतं," तो म्हणाला, "फेकवत नव्हतं मले."

"काहून केलं असं?"

"त्याच्यात निघालं असतं त सहा महिने केमो. तू उभी त राहू शकत नव्हती. तू गेली असती त्याच्यात. गाठ पोटातून त निघाली ना बाहेर? निघाली. मंग ते काय होती, हे इचारून काय भेटनार होतं?"

अडाणी माणूस असता तर मी समजले असते. हा बी.ए. झालेला, सात-बाराच्या उताऱ्यातली एक चुकीची वेलांटी पकडणारा. आणि याला मनापासून वाटत होतं की तपासलं नाही तर आजार नाही. मी तिथेच सर्जनला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, इतके दिवस मातीत राहिल्यावर त्यातून आता काहीच कळणार नाही.

त्यानंतर मी जे बोलले ते शेजारच्यांनी ऐकलं, आणि ऐकलं तर ऐकलं. मी म्हटलं, माझं शरीर काय तहसीलची फाइल होती, खाली दाबून ठेवायला? तुला कोणी विचारलं होतं का? मी नळ्या, भोकं, पिशवी सगळं सोसलं ते त्या एका वाटाण्यासाठी, आणि तू तो कुत्र्यामांजरासारखा मातीत पुरला. तुझा माझा संबंध संपला म्हटलं. वहिनी रडत होती. यजमान माझा दंड धरायला आले, त्यांना मी झटकलं.

भाऊ सगळं ऐकत उभा होता. मग हळूच म्हणाला, "बाबाले तू काय सांगतलं होतं?"

मी झाडाजवळच्या विटेकडे बघायला लागले.

आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हा डॉक्टर माझ्याशी बोलले होते, कारण मी विज्ञानाची. भाऊ म्हणत होता, बाबाले सांगू. मी म्हटलं, सांगून काय फायदा, खचून जातील. मीच त्यांना सांगितलं की जुनी टीबी आहे, गोळ्यांनी बरी होते. त्यांनी मला तीनदा विचारलं. तीनदा मी डोळ्याला डोळा भिडवून तेच सांगितलं. माझी पोरगी शाळेत शिकवते, ती खोटं कशाला सांगेल, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे. त्यांची धाकटी बहीण मोर्शीला होती. तिला भेटायला जायचं आहे म्हणायचे, पण हा खोकला थोडा बसू दे, मग जाईन. खोकला बसला नाही. आत्या मातीला आली तेव्हा तिने मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्याले मालूम होतं का व?" मी नाही म्हटलं. तेव्हा तिने माझ्याकडे कसं बघितलं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"सांगून काय फायदा, हे तूच म्हनली होती," भाऊ म्हणाला. "मी तुह्याकूनच शिकलो."

मी म्हटलं, ते वेगळं होतं. वेगळं काहीच नव्हतं. मला हे त्याच्या परसात उभी असतानाच कळलं होतं आणि त्यामुळे मला त्याचा आणखी राग आला. आपण चुकलो हे दाखवणाऱ्याचा जितका राग येतो तितका चुकणाऱ्याचा येत नाही.

परत आल्यावर सर्जनकडे गेलो. तो म्हणाला, आता दोन रस्ते आहेत. एक, गाठ खराब होती असं धरून सहा महिने पूर्ण केमो. दुसरा, काही न देता दर तीन महिन्यांनी तपासत राहायचं. गाठ स्वच्छ असेल तर पहिल्यात तुम्ही विनाकारण भाजाल. खराब असेल तर दुसऱ्यात उशीर होईल. मॅडम, मी सांगू शकत नाही, तुम्ही ठरवा. मला ठरवायचं होतं ना सगळं, मिळालं. डोळ्यांवर पट्टी बांधून मिळालं. मी केमो घेते म्हटलं.

आता केमोचा चौथा डोस चालू आहे. थंड काही शिवलं की बोटांत टाचण्या घुसतात. अमरावतीच्या उन्हाळ्यात मी कोमट पाणी पिते. ब्लाऊजचे हुक यजमान लावून देतात, त्यांना एक हुक लावायला पाच मिनिटं लागतात आणि माझं डोकं फिरतं. तळपायाला जमीन लागत नाही, गादीवरून चालल्यासारखं वाटतं. हे सगळं गरजेचं होतं की फुकट, हे मला मरेपर्यंत कळणार नाही.

भावाचा दर सोमवारी संध्याकाळी फोन येतो. संबंध संपला असं मी म्हटलं होतं, पण फोन मी उचलते. तो विचारतो, "कशी हायेस व बाई?" त्याला बरी आहे एवढंच ऐकायचं असतं. मी त्याला सगळं सांगते. किती उलट्या झाल्या, उलटीचा रंग काय होता, पिशवी कशी फुटली आणि पातळावर काय काय सांडलं, तोंडात किती फोड आहेत, लघवीला किती वेळ बसावं लागतं. सगळं, क्रमाने, शाळेत शिकवायची तसं. मागच्या सोमवारी तो रडायला लागला. म्हणाला, "बाई, मले आयकवत नाई. ठेवतो मी."

"ठेवू नको," मी म्हटलं. "बाबाले आपन दोघांनी काई सांगतलं नाई. तुले मी सगळं सांगनार हाय. पायाचं अजून राहिलं. आयक."

त्याने फोन ठेवला नाही. मी पायाचं सांगायला सुरुवात केली.